कुमुदताईंच्या खांद्यावरचा भोंगा

मित्रांनो, माझ्या पाठीवर हिरव्या रंगात 'मटर-गोभी' असं लिहिलेलं आहे. वाचून हसू आलं तर खुशाल हसा. बागांच्या सहलीत मिरवणाऱ्याच्या पाठीवर भाजीची नावं कशाला, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. मी एक जुना, सेलवर चालणारा भोंगा आहे आणि फरीदाबादला राहतो. माझं तोंड पसरट आहे, खांद्याला अडकवायला पट्टा आहे आणि गुंडाळी वायरच्या टोकाला एक लहानसा माईक आहे. रंग जागोजागी उडाला आहे. कडेला एक पोचा आहे. तरीही मी सुखात आहे, आणि ते कसं झालं, तेच आज सांगणार आहे.

जुन्या दिल्लीतल्या एका अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. लांब टेबलापाशी दहा-बारा बायका बसायच्या. एकीने माझ्या पोटात तारा जोडल्या, दुसरीने स्क्रू पिळले, आणि तिसरीने माईक तोंडाशी धरून म्हटलं, "हॅलो, एक-दो-तीन!" माझ्या तोंडून बाहेर पडलेले ते पहिले शब्द. टेबलावरच्या सगळ्या बायका दचकून हसल्या. आपल्या आवाजाने माणसं वळून बघतात, हे मला त्या क्षणी कळलं आणि फार आवडलं.

मला श्यामने विकत घेतलं. श्याम फरीदाबादच्या एका सेक्टरमध्ये हातगाडीवर भाजी विकायचा. माझ्यात आवाज साठवून ठेवायचं एक बटण आहे. ते दाबून त्याने खड्या आवाजात एक हाळी भरून ठेवली, "आलू, प्याज, टमाटर! मटर ले लो, ताज़ी गोभी!" मग मी दिवसभर तीच हाळी देत गल्ल्या फिरायचो. माझ्या पाठीवरची अक्षरंही त्यानेच रंगवली. मी ओरडलो की बाल्कन्यांची दारं उघडायची, वरून टोपल्या खाली यायच्या. चार वर्षं मी उन्हातान्हात मान ताठ ठेवून काम केलं.

त्या सेक्टरमध्ये एकच घर असं होतं, की जिथल्या आवाजापुढे मी फिका पडायचो. ते होतं कुमुदताईंचं. कुमुदताई एका शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे यजमान दीनानाथराव ट्रॅक्टरच्या कारखान्यात हत्यारं-साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये होते, तेही आता घरीच असायचे. दोघांची हयात दिल्लीकडेच गेलेली. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून कुमुदताई विचारायच्या, "श्याम, पालक है क्या?" आणि तो प्रश्न तीन गल्ल्या ओलांडून जायचा.

"मैडम," श्याम वर बघून म्हणायचा, "इस भोंपू की जगह आपको ही गाड़ी पर बिठा लूँ?"

एखाद्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. कुमुदताईंनी बागकामाची आवड असणाऱ्यांचा एक गट जमवला होता. त्याचं नाव 'क्यारी', म्हणजे वाफा. सात जणांनी सुरू केलेला हा गट दहा वर्षांत दीडशेवर गेला होता. दर महिन्याला कुणाची तरी बाग पाहायला जायचं, बागवाल्याने काय केलं, काय चुकलं ते त्याच्याच तोंडून ऐकायचं आणि मग तिथेच चटईवर बसून काहीतरी शिकायचं. कधी कलम बांधणं, कधी शेवंतीची शेंडेखुडणी, कधी स्वयंपाकघरातल्या सालींचं खत. पाळी कुमुदताईंच्या गच्चीची असली, की त्यांचं बोलणं थेट खाली आमच्या गाडीपर्यंत यायचं. "पत्ता पलटकर देखिए! बीमारी पत्ते की पीठ पर छुपती है!" श्याम हात जोडून म्हणायचा, "मास्टरनी हो तो ऐसी!"

मित्रांनो, सुखाचे दिवस भरकन जातात. श्यामने बॅटरीची रिक्षा घेतली. तिला स्वतःचा मोठा भोंगा होता. मला त्याने आसनाखालच्या गोणपाटात टाकलं. तिथे बटाट्याची माती होती, पावसाचं पाणी होतं. माझ्या पोटातले सेल फुटून पाझरले, त्यांना टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या गंजल्या. वर नवा भोंगा गर्जत असायचा आणि खाली मी अंधारात पडून ऐकत असायचो. मला त्याचा राग आला नाही. पण आपली कुणालाच गरज उरली नाही हे कळल्यावर कसं वाटतं, ते मला विचारा.

त्याच सुमारास, गोणपाटाच्या भोकातून बघताना मला कुमुदताई बाल्कनीत दिसेनाशा झाल्या. दीनानाथराव पिशवी घेऊन खाली यायचे आणि नेमकी जून दोडकी उचलून न्यायचे. दोन महिन्यांनी कुमुदताई स्वतः आल्या. गळ्याला सुती रुमाल बांधलेला होता. त्यांनी श्यामच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'पालक एक गड्डी, गाजर अर्धा किलो.'

श्यामने चिठ्ठी वाचली आणि वर पाहिलं. "मैडम, आवाज़ कहाँ गई?"

कुमुदताईंचे ओठ हलले. कोरडं पान पायाखाली यावं तसा बारीकसा आवाज झाला. श्यामला काहीच कळलं नाही. मग दीनानाथरावांनी सांगितलं. गळ्यात गाठ झाली होती. शस्त्रक्रिया नीट पार पडली, जिवाचा धोका टळला. पण आवाजाची नस गाठीला चिकटलेली होती. आवाजावर परिणाम होईल, अशी कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती. आता जो काही आवाज आहे, तो एवढाच. त्यावर ताण द्यायचा नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. "एक बार गई थी मीटिंग में," दीनानाथराव हळू आवाजात म्हणाले. "पीछेवाले बोले, आवाज़ नहीं आ रही. फिर आपस में बातें करने लगे. तब से नहीं जाती."

दुसऱ्या दिवशी श्यामने मला गोणपाटातून काढलं, फडक्याने पुसलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि दोन जिने चढून कुमुदताईंच्या दारात उभा राहिला. "मैडम, इसमें फुसफुसाओ तो भी गली के उस पार सुनाई देता है. रख लो."

कुमुदताईंनी कागद उलगडला. माझ्या पाठीवरची अक्षरं वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी पाहिलं. ती थट्टा नव्हती हे त्यांना कळत होतं, तरी ते लागलं. श्याम गेल्यावर दीनानाथराव म्हणाले, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. भाबडा आहे तो." कुमुदताईंनी मान हलवली आणि मला बाल्कनीत कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, पोत्यामागे ठेवून दिलं. माझं तिथलं आयुष्य गोणपाटातल्यापेक्षा बरं होतं एवढंच. निदान उजेड होता. त्या रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालायला यायच्या. पूर्वी झाडांशी बोलायच्या म्हणे. आता ओठ मिटलेले असायचे.

जानेवारीच्या शेवटी विक्रांत घरी आला. हा पुण्याचा, नोकरीसाठी इकडे आलेला, गुरुग्रामच्या ऑफिसात काम करणारा. कुमुदताई घरी बसल्यापासून 'क्यारी'चं काम तोच पाहत होता. माणूस चांगला, फक्त घाईत असायचा.

"मॅडम, फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आपली ॲन्युअल टूर आहे. सकाळी इथली एक टेरेस गार्डन, मग बसने थेट मानेसर. तिथे विष्णू म्हणून एक आहे, लातूरकडचा, कारच्या पार्ट्सच्या फॅक्टरीत ऑपरेटर. रूमच्या मागे मोकळ्या पट्टीत दोनशेच्या वर बकेटमध्ये फुलं लावलीत त्याने. फोटो बघाल तर वेड लागेल! अजून दोन क्लबही येणार आहेत. आणि तिथेच, सगळ्यांसमोर, तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ. तुम्ही टेन्शन घेऊ नका, तुम्हाला काही बोलायचं नाहीये. खुर्ची ठेवतो, तुम्ही फक्त बसायचं."

कुमुदताईंनी हसून मान डोलावली. दार लावून घेतलं. मग त्या बाल्कनीत आल्या. ज्या गटाला त्यांनी चटईवर बसायला शिकवलं, तो गट त्यांना खुर्ची देत होता. ती खुर्ची निरोपाची आहे, हे त्यांना बरोबर उमगलं होतं.

त्यांनी पोतं बाजूला सारलं आणि मला बाहेर ओढलं.

जेवणाच्या टेबलावर ठेवून त्यांनी नवे सेल घातले. मी खरखरलो. त्यांनी एक बटण दाबून पाहिलं आणि मी, चुकून, सगळं बळ एकवटून ओरडलो, "आलू, प्याज, टमाटर! मटर ले लो, ताज़ी गोभी!"

दीनानाथरावांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. "अगं, काय हे! घरात बाजार भरवतेस की काय!"

कुमुदताईंना हसू फुटलं. त्या पोट धरून हसल्या. माईक त्यांच्या हातातच होता आणि हाळी संपल्यावर त्या हसण्याचा आवाज माझ्यातून बाहेर पडला. घोगरा, तुटक, पण खोलीभर.  चार महिन्यांत दीनानाथरावांनी बायकोचं हसणं ऐकलं नव्हतं. ते उठले, कपाटावरची हत्यारांची पेटी काढली आणि म्हणाले, "सरक जरा. बघू दे मला."

पुढचे तीन दिवस मी टेबलावर सुटा होऊन पडलो होतो. टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस कामाला लागला की कसा लागतो, ते पाहायला हवं. त्यांनी माझ्या पट्ट्या घासून चकचकीत केल्या, कुजलेल्या तारा बदलल्या. जुन्या टेबललॅम्पची वाकडी मान कापून तिचा एक हात बनवला, म्हणजे माईक ओठांपाशी आपोआप राहील आणि दोन्ही हात मातीसाठी मोकळे. श्वासाची फुरफुर होऊ नये म्हणून माईकवर स्पंजचा तुकडा चढवला. मी मधूनच कुई करून शिटी मारायचो. मग माझं तोंड माईकपासून दूर, बाहेरच्या बाजूला वळवून पट्टा आवळला, तेव्हा तीही थांबली.

"आता ती गोभी पुसून टाक," दीनानाथराव म्हणाले. कुमुदताईंनी बटण दाबलं आणि श्यामच्या हाळीवर स्वतःचं एक वाक्य भरलं, "नमस्ते. मैं कुमुद बोल रही हूँ." मग ते लावून ऐकलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. आवाज पूर्वीचा नव्हता. पण बोलणारी तीच होती.

रोज दुपारी आमचा सराव चालायचा. पहिल्या दिवशी दहा वाक्यं, मग पंधरा. दम लागला की थांबायचं, घोटभर पाणी प्यायचं. माझ्यामुळे त्यांना घशावर जोर द्यावा लागत नव्हता. त्यांनी फक्त कुजबुजायचं, बाकीचं ओझं माझ्यावर. आठव्या दिवशी खालून श्यामची रिक्षा गेली. कुमुदताईंनी मला खांद्याला अडकवलं, बाल्कनीच्या कठड्याशी गेल्या आणि म्हणाल्या, "श्याम, पालक है क्या?"

श्यामने करकचून ब्रेक दाबला. वर पाहिलं. रिक्षातून खाली उतरला आणि सगळ्या गल्लीदेखत त्याने कपाळाला हात लावून सलाम केला. "है मैडम! आपके लिए पूरा खेत है!" मित्रांनो, त्या दिवशीची पालकाची गड्डी अशी होती, की दीनानाथरावांना दोन हातांनी उचलावी लागली.

सहलीचा दिवस उजाडला. दिल्लीकडे फेब्रुवारी म्हणजे फुलांचा महिना. ऊन कोवळं असतं आणि रस्त्याच्या दुभाजकावरही रंग सांडलेले असतात. चव्वेचाळीस माणसं बसमध्ये बसली. मी दीनानाथरावांच्या कापडी पिशवीत, फटीतून बाहेर बघत होतो. मी येणार हे कुमुदताईंनी विक्रांतला सांगितलं नव्हतं.

खरं सांगायचं तर पहिल्या गच्चीवर त्यांचा धीर सुटला. जो तो त्यांना भेटायला येई आणि आवाज चढवून, हातवारे करून विचारी, "मैडम! तबियत कैसी है!" आवाज गेलेल्या माणसाशी लोक बहिऱ्यासारखं का बोलतात, मला अजून कळलेलं नाही. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. दीनानाथरावांनी पिशवीला हात घातला, तर त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. बस मानेसरकडे निघाली. मी पिशवीत घट्ट डोळे मिटून पडावं तसा पडून राहिलो.

दुपारी बाराला बस पोचली. चार मजली इमारत, कामगारांच्या खोल्या, दोऱ्यांवर निळे गणवेश वाळत टाकलेले. मागच्या पट्टीत आम्ही वळलो आणि सगळेच जागच्या जागी थांबले. रंगाच्या रिकाम्या बादल्या ओळीने मांडलेल्या होत्या. दोनशे बारा बादल्या. पण त्यांतली पिटुनिया, कॅलेंड्युला, डॉगफ्लॉवर, सगळी फुलं माना टाकून बसली होती. पानांच्या कडा करपलेल्या होत्या.

विष्णू मध्ये उभा होता. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. पहाटे कंपनीच्या बसने जायचं, आल्यावर बादल्यांना पाणी घालायचं, असं त्याने पाच महिने केलं होतं. "परवापर्यंत सगळं उभं होतं हो," तो विक्रांतला म्हणाला. त्याला धड बोलता येत नव्हतं. त्याच्यामागे घरमालक हाताची घडी घालून उभा होता. ही पट्टी त्याला दुचाक्या लावायला हवी होती. पाहुण्यांना बाग आवडली तर ठेवीन, नाहीतर सोमवारी बादल्या उचल, असं त्याने विष्णूला बजावलं होतं.

त्यातच वीज गेली. विक्रांतने भाड्याने आणलेला मोठा स्पीकर मुका झाला. नव्वदच्या वर माणसं, डोक्यावर ऊन. कुणीतरी म्हणालं, "यही देखने इतनी दूर आए थे?" ते विष्णूने ऐकलं. त्याने मान खाली घातली.

विक्रांत मोबाईलमध्ये शोधत होता. "बहुतेक फंगस आहे. विष्णू, फवारा आहे का? स्प्रे करून टाकू." विष्णू पंप आणायला वळला.

"थांबा," कुमुदताई म्हणाल्या. कुणालाच ऐकू आलं नाही. त्या पुन्हा म्हणाल्या. शेजारचा माणूसही वळला नाही. मग त्यांनी दीनानाथरावांकडे पाहिलं. ते पिशवी उघडून तयारच होते. पट्टा खांद्यावर चढला, माईकचा हात ओठांपाशी आला, बटण खाली गेलं.

"रुकिए."

एकच शब्द, मित्रांनो. तो मी त्या इमारतीच्या चौथ्या मजल्यापर्यंत पोचवला. नव्वद माणसं वळली. वर वाळत घातलेल्या गणवेशांमधून डोकी बाहेर आली. विक्रांतच्या हातातला मोबाईल तसाच राहिला.

कुमुदताई पहिल्या ओळीपाशी गुडघ्यांवर बसल्या. एक पान उलटून पाहिलं. पाठ स्वच्छ होती. मातीत बोट खुपसलं. माती ओली होती. मग ती चिमूट नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं.

"विष्णू," त्या मराठीत म्हणाल्या, "खत कधी घातलंस?"

"मंगळवारी, मॅडम. कोंबडीखत."

"कुजलेलं?"

विष्णूने नकारार्थी मान हलवली. "ताजंच होतं. पाहुणे येणार म्हणून दुप्पट घातलं. चुकलं का माझं?"

त्या उठल्या आणि सगळ्यांकडे वळल्या. "पौधे बीमार नहीं हैं. इनका पेट खराब है. आप लोग आ रहे थे, तो विष्णू ने खुशी में इनको दावत खिला दी."

सगळं अंगण हसलं. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. विष्णूही कसनुसा हसला. "हममें से किसने नहीं किया?" त्यांनी विचारलं. "हाथ उठाइए." आणि एकेक करत तीस-चाळीस हात वर गेले. बागवाल्यांना एकमेकांच्या चुका ऐकताना किती धीर येतो, ते मी तेव्हा पाहिलं.

मग काम सुरू झालं. कुमुदताई सांगत होत्या आणि मी पोचवत होतो. ताज्या खताने मुळं भाजतात, मग माती ओली असूनही झाड पाणी ओढू शकत नाही. म्हणून आधी वरचा थर खरवडायचा. खुरपी चारच होती, तर लोकांनी जेवणाच्या डब्यातले चमचे काढले. मग साधं पाणी, तळातून वाहून जाईपर्यंत. थांबायचं. पुन्हा पाणी. असं तीनदा. बादल्यांच्या तळाची भोकं काडीने मोकळी करायची. पाटलोणी गुडघ्यापर्यंत दुमडल्या गेल्या, साड्यांचे पदर खोचले गेले. वरच्या कामगारांनी जिन्यावर रांग करून पाण्याच्या बादल्या हातोहात खाली दिल्या.

"आता फुलं खुडा," कुमुदताई म्हणाल्या. "सगळी."

विष्णूचे हात थांबले. "फुलंही, मॅडम? लोक बघायला आलेत ना."

"झाडाला आत्ता फुलांचं ओझं नको आहे. आज खुडशील तर पुढच्या महिन्यात दाखवशील."

पहिलं फूल त्याने स्वतः खुडलं. ते त्याला किती जड गेलं, ते सगळ्यांनी पाहिलं. मग बाकीच्यांनी हात लावला. सगळी फुलं एका परातीत जमली.

"आणि सावली हवी," त्या म्हणाल्या. "दोन-तीन दिवस." कुणी ओढणी दिली, वरून चादरी खाली आल्या. कोपऱ्यातल्या दोन ओळी उघड्याच राहिल्या. विक्रांतने इकडे तिकडे पाहिलं, मग खुर्चीवर ठेवलेल्या पिशवीतून सत्काराची शाल काढली, तिचं प्लॅस्टिक फाडलं आणि ती त्या ओळींवर पसरली.

घरमालक इतका वेळ हाताची घडी घालूनच उभा होता. टाकीतलं पाणी कमी पडायला लागलं, तेव्हा मी त्याच्याकडे पाहत होतो. तो हलला. "पीछे वाली टंकी खोल दूँ?" त्याने कुमुदताईंना विचारलं. "खोल दीजिए," मी दणक्यात सांगितलं.

दुपारी तीन वाजेपर्यंत त्या बोलत होत्या. काम संपल्यावर लोक जमिनीवरच बसले आणि प्रश्नांची रांग लागली. गुलाबाची छाटणी, कढीपत्त्यावरची कीड, उन्हाळ्यात मातीवर घालायचा पाचोळा. मधेच माझा आवाज बसायला लागला, तर दीनानाथरावांनी खिशातून नवे सेल काढून चालत्या सभेत बदलले. मागच्या रांगेतून एकदाही कुणी म्हणालं नाही, की आवाज येत नाही. निघताना विक्रांत त्यांच्यापाशी आला. त्याच्या ढोपरांना चिखल लागलेला होता.

"मॅडम, आम्ही तुम्हाला खुर्ची देत होतो. सॉरी."

"खुर्ची ठेव," कुमुदताई म्हणाल्या. "पाणी पिताना लागेल."

पुढच्या महिन्यात 'क्यारी' पुन्हा मानेसरला गेली. दोनशे बारापैकी एकोणीस झाडं गेली होती. बाकीची अशी फुलली होती, की भिंत दिसत नव्हती. घरमालकाने पट्टीच्या तोंडाशी दोरी बांधून 'यहाँ गाड़ी खड़ी न करें' अशी पाटी लावली होती आणि स्वतःची मोटारसायकल रस्त्यावर उभी केली होती. त्या दिवशी कुमुदताईंनी मला विष्णूच्या खांद्यावर अडकवलं. "तू सांग," त्या म्हणाल्या. तो घामाघूम झाला. पण बोलला. पहिलंच वाक्य त्याने म्हटलं, "मैंने गलती की थी, वो पहले बताता हूँ." आणि वह्या उघडल्या गेल्या.

नोव्हेंबरमध्ये कोपर्निकस मार्गावर, जुन्या अतिथिगृहाच्या हिरवळीवर दिल्लीतल्या मराठी बागवेड्यांचा मेळावा भरला. कुमुदताई मुख्य वक्त्या होत्या. मंचावर दोन उंच काळे स्पीकर आणि कॉलरला लावायचा चिमुकला माईक होता. तो पाहून माझं काळीज लक्कन हललं, हे कबूल करतो. त्यांनी तो कॉलरला लावला. मी त्यांच्या पायाशी बसून राहिलो. भाषण सुरेख झालं. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली, तेव्हा अगदी मागच्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले. अण्णासाहेब म्हणून होते. ते काहीतरी विचारत होते, पण आवाज इतका कापरा होता, की पुढचे लोक आपापसात बोलायला लागले. अण्णासाहेब बसायला लागले.

"बसू नका," मंचावरून कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी मला उचलून दीनानाथरावांच्या हातात दिलं. "अहो, यांना नेऊन द्या."

सगळी हिरवळ ओलांडून दीनानाथरावांनी मला अण्णासाहेबांच्या खांद्यावर अडकवलं. "माझी जाई," अण्णासाहेब म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाने चमकले. मग ताठ उभे राहिले. "माझी जाई तीन वर्षं फुलत नाही. मी नुसतं पाणी घालतो. काय चुकतंय?" दीडशे माणसं खुर्च्या वळवून त्यांच्याकडे तोंड करून बसली.

तेव्हापासून माझं हेच काम आहे. मोठे स्पीकर मंचाजवळ असतात. मी शेवटच्या रांगेत असतो.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा भोंगा, रेडिओ, विजेरी पडून असेल, तर आज एवढं करा. आतले सेल काढून ठेवा, पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या गोणपाटात टाकू नका. आम्ही लवकर मरत नाही, आम्हाला गंज खातो. आणि तुमच्या बागेत, सभेत, घरात कुणाचा आवाज बारीक झाला असेल, तर त्याला शाल घालून बसवू नका. जवळ सरका, बाकीच्यांना गप्प करा आणि त्याला काय सांगायचं आहे ते ऐका.